'सुपर ८' भाचरांना दाखवू का? आणि हे गाव आपलं का वाटतं?

अजनीची_अबोली

मे लागला की पुणे, ठाणे, अमरावतीकडची सगळी भाचरं आमच्याकडे नागपूरला जमतात. धाकटा नऊ वर्षांचा, थोरली चौदाची. दिवसभर कूलरसमोर लोळायचं आणि अंधार पडला की गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकायच्या, हा ठरलेला क्रम. यंदा भावाने प्रोजेक्टर घेतलाय. चादर ताणून रोज रात्री एक सिनेमा असा बेत आहे आणि त्यात 'सुपर ८' असावा असं मला फार वाटतंय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिनेमा २०११चा, दिग्दर्शक जे. जे. अब्राम्स, निर्मात्यांत स्टीव्हन स्पीलबर्ग. १९७९चा उन्हाळा, ओहायोतलं लिलियन नावाचं काल्पनिक गाव, पोलादाचा कारखाना. शाळकरी पोरांची एक टोळी सुपर ८ कॅमेऱ्यावर झॉम्बीचा सिनेमा काढतेय. रात्री घरून गुपचूप निसटून स्टेशनवर शूटिंग करताना त्यांच्या डोळ्यांसमोर मालगाडी उलटते आणि एका डब्यातून काहीतरी बाहेर पडतं. मग गावातली कुत्री पळून जातात, गाड्यांची इंजिनं आणि मायक्रोवेव्ह गायब होतात, वायुदल गावात उतरतं. आणि या सगळ्यात पोरांना काळजी एकच, आपला सिनेमा वेळेत पुरा कसा होणार!

या सिनेमावर माझा जीव आहे, पण तो त्यातल्या प्राण्यासाठी नाही. पहिलंच दृश्य घ्या. कारखान्यातली पाटी: अपघाताविना गेलेले दिवस, ७८४. एक कामगार ते आकडे उतरवतो आणि तिथे १ लावतो. संवाद नाही, रडारड नाही. पुढे टोळीतला 'जो' नावाचा पोरगा बर्फात झोपाळ्यावर एकटा बसलेला दिसतो, हातात आईचं लॉकेट. काय झालं ते आपल्याला कुणी सांगत नाही, आपल्यालाच कळतं.

मी अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. शिफ्टला जाणारे बाप, सायकली, एकमेकांच्या घरात विचारल्याशिवाय शिरणं, मोठ्यांच्या भांडणामुळे दोन घरांच्या पोरांना बोलायची बंदी. अमेरिकेतलं ते गाव मला परकं वाटतच नाही. तुमचंही तसंच होतं का? आणि मुख्य प्रश्न: नऊ वर्षांच्या पोराला झेपेल का?

तर्री_मारके

दाखवा ना ताई, इचारता काहून! फक्त गच्चीवर मच्छरांचं पाहा. पोट्टे एलियनच्या हाती लागले नाही तरी मच्छरांच्या हाती नक्की लागतील. :)

दोन_पोरांची_आई

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्टच मांडते. अमेरिकेत या सिनेमाला पीजी-१३ प्रमाणपत्र आहे, म्हणजे तेराखालच्या पोरांबाबत पालकांना सावधगिरीचा इशारा, ते उगाच नाही. पोरं एकमेकांशी बोलताना सर्रास शिव्या देतात. फोटोच्या दुकानातला मुलगा नशेत गाडी चालवायला निघतो. पेट्रोलपंपावर रात्री शेरीफला ओढून नेतात तो प्रसंग आणि पुढे बसवरचा हल्ला, हे दोन्ही मोठ्या माणसाला दचकवतात. नऊ वर्षांचं पोर गच्चीवर, उघड्या आभाळाखाली, अंधारात हे बघणार आणि मग तिथेच झोपणार. रात्री दोन वाजता कोण उठून बसणार आहे त्याच्याशेजारी? स्पीलबर्गचाच 'ई. टी.' सिनेमा आहे की. तो दाखवा.

विज्ञानवेडी

'ई. टी.'ला अनुमोदन. १९८२चा असूनही जराही शिळा वाटत नाही. त्यातली एक गोष्ट पोरांना आधी सांगू नका, नंतर विचारा: मोठ्या माणसांचे चेहरे केव्हा दिसले? आई सोडली तर बराच वेळ मोठी माणसं कमरेपर्यंतच दिसतात, किल्ल्यांचा जुडगा, हातातल्या बॅटऱ्या. कॅमेरा पोरांच्या उंचीवर ठेवलाय. माझ्या मुलीने हे स्वतः ओळखलं होतं.

अवांतर: २००२ साली विसाव्या वर्षानिमित्त जी आवृत्ती आली त्यात पोलिसांच्या हातातल्या बंदुका पुसून वॉकीटॉकी दिले होते. पुढे स्पीलबर्गनेच तो बदल मागे घेतला. तेव्हा मूळ आवृत्तीच शोधा.

तिसरी_घंटा

'सुपर ८' ही कथेच्या आधी एक वस्तू आहे, तिच्याबद्दल लिहितो, कारण ती समजली की सिनेमाची मजा दुप्पट होते.

कोडॅकने हा फॉरमॅट १९६५ साली आणला. फिल्म आठ मिलिमीटर रुंद आणि प्लॅस्टिकच्या बंद काडतुसात भरलेली. काडतूस कॅमेऱ्यात सरकवायचं, झाकण लावायचं, सुरू. त्याआधी रीळ हाताने ओवावं लागे, मंद उजेडात, आणि प्रखर उजेड लागला की फिल्म खराब. ही कटकट गेली आणि घराघरातले बाप-मुलं सिनेमावाले झाले. एका काडतुसात पन्नास फूट फिल्म. सेकंदाला अठरा चौकटींच्या वेगाने धरली तर साधारण तीन मिनिटं वीस सेकंद. बस. तेवढ्यातच काय ते सांगायचं. आणि काय टिपलं गेलं हे रीळ धुऊन येईपर्यंत कळायचं नाही.

याच अडचणीवर अख्खं कथानक उभं आहे. अपघातात कॅमेरा पडतो, पण बंद होत नाही. पोरांना माहीतच नाही की त्यांच्याकडे पुरावा आहे. रीळ धुवायला टाकतात आणि दिवस मोजत बसतात. आजच्या मोबाईलवर ही गोष्ट दोन मिनिटांत संपली असती.

आणि अब्राम्सचा स्वतःचा किस्सा. तो आणि त्याचा मित्र मॅट रीव्ह्ज शाळकरी वयात सुपर ८वर फिल्मा काढायचे. त्या एका महोत्सवात दाखवल्या गेल्या, वर्तमानपत्रात त्यांच्यावर लेख आला. तो वाचून स्पीलबर्गच्या ऑफिसने त्याच्या लहानपणीच्या ८ मिमी फिल्मा या दोन पोरांकडे दुरुस्तीला पाठवल्या. ज्याच्या फिल्मा तेव्हा चिकटवल्या, तोच पुढे या सिनेमाचा निर्माता झाला. स्पीलबर्गनेही पहिला मोठा प्रयोग पोरवयातच केला होता, १९६४ साली, 'फायरलाइट' नावाचा, आणि विषय आकाशातल्या अनोळखी दिव्यांचाच.

म्हणून मला हा सिनेमा राक्षसाचा वाटतच नाही. काम करणाऱ्या पोरांचा वाटतो.

गार्डसाहेब

सर्वांना नमस्कार. रेल्वेत गार्ड म्हणून आयुष्य गेलं. नातवाने हा सिनेमा दाखवला. अपघात सुरू झाला आणि मी खुर्चीतून उठलो.

एक पिकअप ट्रक समोरून रुळावर येतो, मालगाडीला धडकतो आणि डबे आकाशात फुटबॉलसारखे उडतात. असं होत नाही हो. आपल्या अजनीच्या शेडमधलं डब्ल्यूएजी-९ इंजिन एकटंच १२३ टनांचं असतं. कोळशाने भरलेली बॉक्सएन वाघीण, म्हणजे उघडा मालडबा, ८१ टनांची, आणि एका गाडीत अशा पन्नासच्या वर. समोर पिकअप दोन-अडीच टनांची. तिचा चुराडा होईल. चाकाखाली लोखंड गेलं तर पुढची चाकं रुळावरून उतरू शकतात, ते नाकारत नाही. पण उतरलेली गाडी गिट्टीत रुतते, डबे एकमेकांवर चढतात, आडवे होतात. आणि दोन डब्यांमधला ब्रेकचा पाइप तुटला की हवा निघून ब्रेक आपोआप लागतात, तरी भरलेली गाडी थांबायला किलोमीटरभर जातो.

एक गोष्ट मात्र बरोबर दाखवली आहे. सगळं शांत झाल्यावर बराच वेळ काही ना काही पडत राहतं. लोखंड लवकर गप्प बसत नाही. तेवढं खरं आहे.

तर्री_मारके

काका, तुम्ही तर टॉकीजमध्ये उभं राहून पंचनामाच केला असता.

गार्डसाहेब

@तर्री_मारके, घरीच केला. नातवाने सिनेमा थांबवून सगळं लिहून घेतलं, त्याच्या शाळेच्या प्रकल्पाला कामी आलं.

नभांगण

माझं बालपण वायुसेनानगरातलं. वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय तिथे आहे, वडील त्यातच होते. त्यामुळे असल्या सिनेमांतले वायुदलाचे अधिकारी मला कायम खटकतात. काळे चष्मे, कडक चेहरे, गावाला आग लावून लोकांना हलवणारे. आमच्याकडचे काका तर रविवारी पोरांना एरोमॉडेलिंग शिकवायचे, बाल्सा लाकडाच्या पट्ट्या घासून घासून पंख करायला लावायचे.

पण अबोलीच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर हो असं आहे. आम्हालाही कुंपणापलीकडे काय आहे याचं फार वेड होतं. एखादं अवजड मालवाहू विमान रात्री उतरलं की सकाळी बसमध्ये त्यावर अफवांच्या फैरी. खरं तर त्यात सुटे भाग असणार, दुसरं काय. पण मोठी माणसं सांगायची नाहीत, आणि न सांगितलेल्या गोष्टीतच पोरांचा जीव अडकतो. या सिनेमात पोरांना कुणी काहीच सांगत नाही. बाप सांगत नाही, मास्तर सांगत नाही, सैन्य तर नाहीच. सगळं त्यांना स्वतः जोडावं लागतं.

महालकर_काका

१९७९ म्हटलं की आमच्या पिढीला एकच आठवतं: स्कायलॅब. अमेरिकेची सत्त्याहत्तर टनांची अंतराळ प्रयोगशाळा पडणार, कुठे पडणार ते कुणालाच सांगता येत नव्हतं. महालातल्या आमच्या वाड्यात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. शाळा नुकत्या सुरू झालेल्या, पाऊस लागलेला. वर्गात एकाने जाहीर केलं की ती झिरो माइलवरच पडणार, कारण तो देशाचा मध्य आहे. आम्हाला हे पटलं! आजीने देवासमोर निरांजन लावून ठेवलं होतं. ११ जुलैला ती हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात तुकडे होऊन पडली, आणि खरं सांगतो, आम्हा पोरांची घोर निराशा झाली.

तर लिलियन गावातल्या पोरांचा तो उन्हाळा आणि आमचा तो पावसाळा एकाच वर्षातला. मला हा सिनेमा मुलाने दाखवला तेव्हा पहिल्यांदा हेच डोक्यात आलं. त्यात टीव्हीवर थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्राची बातमी सुरू असते, तो अपघात त्याच वर्षीच्या मार्चमधला. म्हणजे काळ नीट धरलाय.

चांदा_ते_बांदा

काका, तुमची निराशा आमच्या भागाने भरून काढली. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आकाशातून पेटत्या रेघा जाताना नागपूरपासून चंद्रपूरपर्यंत सगळ्यांनी पाहिल्या. मी सिंदेवाहीकडचा. आमच्या तालुक्यात लाडबोरीला मोठी धातूची रिंग पडली, आणि आसपास गोळेही सापडले. चिनी रॉकेटचे अवशेष होते ते.

मी दुसऱ्या दिवशी बघायला गेलो होतो. गर्दी ही! रिंग पाहून माझा पुतण्या पहिलं काय बोलला असेल? "आतलं कुठे गेलं?" मी म्हटलं, आत काही नव्हतं. त्याला काही केल्या पटेना. आठवडाभर मित्रांना घेऊन शेताच्या बांधाबांधाने पावलांचे ठसे शोधत होता. त्याला अजून कुणी 'सुपर ८' दाखवलेला नाही आणि तरी तो त्यातलाच एक आहे.

बारावी_झाली

सगळे कौतुकच करतायत म्हणून थोडं विरोधात लिहितो. मी 'स्ट्रेंजर थिंग्ज' आधी पाहिलं, मग हा. सायकली, टॉर्च, गावात लपलेलं सरकारी गुपित, सगळं दोन्हीकडे आहे, पण मालिकेत प्रत्येक पोराला पुरेसा वेळ मिळतो. इथे प्रेस्टन नावाचा एक मुलगा आहे, त्याच्याबद्दल शेवटपर्यंत आपल्याला काय कळतं? काहीच नाही.

दुसरं, उत्तरार्ध. (पुढे रहस्यभेद आहे.) तो प्राणी माणसं पळवतो, खातो, आणि मग जो त्याच्याशी दोन वाक्यं बोलतो आणि तो सोडून देतो. इतक्या सहज? 'ई. टी.'मध्ये मैत्री व्हायला पूर्ण सिनेमा लागतो. इथे दीड मिनिट.

आणि तिसरं, हे सगळं ऐंशीच्या दशकातल्या सिनेमांच्या आठवणींवर चाललंय. ज्यांनी ते सिनेमे पाहिलेच नाहीत, त्यांनी कशावर हळवं व्हायचं? आमच्या पिढीला १९७९ काय आणि १८७९ काय.

तिसरी_घंटा

@बारावी_झाली, उत्तरार्धाबद्दल तुझ्याशी सहमत. प्राण्याची बाजू पोरांच्या शाळेतल्या मास्तरांच्या जुन्या रिळावर घाईघाईत उरकली आहे. तो इथे अडकलाय, त्याचे हाल केले, त्याला फक्त यान बांधून परत जायचंय, हे सगळं आपल्याला सांगितलं जातं. दिसलं असतं तर जोच्या त्या दोन वाक्यांना वजन आलं असतं.

पण आठवणींबद्दल नाही. मीही ओहायो पाहिलेलं नाही. हळवं होण्यासाठी तो काळ जगलेला असावा लागत नाही, ते काम ओळखीचं असावं लागतं. तू कधी मित्रांबरोबर काही केलंयस? गणपतीचा देखावा, गॅदरिंगचं नाटक, मारबतीच्या दिवसांतला बडग्याचा पुतळा? त्यात एक जण हुकूम सोडणारा असतोच (चार्ल्स), एकाला फक्त फटाके उडवायचे असतात (केरी), एकाला ऐनवेळी उलटी होते (मार्टिन), आणि एक गुपचूप रंग देत बसलेला असतो, ज्याच्यावाचून काहीच उभं राहणार नाही (जो).

बारावी_झाली

बडग्याचं उदाहरण पटलं. आमच्या गल्लीत मी रंगवालाच असतो.

अजनीची_अबोली

किती सुंदर लिहिताय सगळे! सध्या दोन गोष्टी राहवत नाहीत म्हणून.

एक, पोरांच्या सिनेमात नायिकेचं काम करणाऱ्या ॲलिसचं ते दृश्य. स्टेशनच्या फलाटावर गाडी यायच्या आधी तालीम चाललीय. पोरांना वाटतं ही नुसती वाक्यं म्हणेल. ती सुरू करते, डिटेक्टिव्ह नवऱ्याला जाऊ नको म्हणून विनवते, आवाज कापतो, डोळे भरतात. समोरचा मार्टिन आपलं काम विसरतो. कॅमेरा अजून सुरूही नाही. चार्ल्सला काय बोलावं कळत नाही. तेवढ्यात लांबून गाडीचा आवाज येतो आणि तो एकदम ओरडायला लागतो, चला चला, गाडी येतेय, पाठीमागे खरी गाडी मिळेल! त्या धावपळीत आत्ता जे घडलं त्याबद्दल कुणी बोलत नाही. आपलीच मैत्रीण आपल्याला अचानक अनोळखी वाटावी आणि ते सांगायला शब्द नसावेत, बारा-तेराव्या वर्षी हे असंच होतं. मी हा भाग पुन्हा पुन्हा लावून पाहते.

दोन, कारखाना. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली काढलेली गिरणी, अख्खं मध्य नागपूर तिच्या भोंग्यावर उठायचं. आता तिथे मॉल आहे. ॲलिसचा बाप त्या दिवशी प्यायलेला असल्यामुळे कामावर गेला नाही, त्याची पाळी जोच्या आईने केली आणि ती गेली. ही गोष्ट अमेरिकेचीच असायची गरज नाही. शेजारच्याची पाळी करायला जाणं आमच्या घरात रोजचं होतं. आजी तर घड्याळ न बघता सांगायची कुणाची कुठली पाळी आहे ते.

शेवटची_रांग

वाचतोय. धागा मस्त चाललाय. एम्प्रेस मिलच्या आठवणींवर वेगळा धागा काढा कुणीतरी.

विज्ञानवेडी

एक प्रश्न मलाही पडतो. आपल्याकडे असा सिनेमा का नाही? म्हणजे मराठीत, पोरांचा, विज्ञानकथेचा. साहित्य तर आहे. नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, त्यालाही अर्धशतक उलटलं. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न पोरांच्या हाती दिला. आणि सत्यजित राय यांनी 'बंकुबाबूर बंधू' ही परग्रहवासीयाची कथा १९६२ सालीच लिहिली होती. पुढे १९६७च्या सुमारास 'द एलियन' नावाने पटकथा घेऊन ते हॉलिवूडपर्यंत गेले, पण तो सिनेमा झालाच नाही. हिंदीत २००३ साली 'कोई मिल गया' आला, पोरांनी डोक्यावर घेतला. मराठीत मात्र सामसूम.

चांदा_ते_बांदा

पैसा. दुसरं काय.

नभांगण

पैसा हे कारण मला पूर्ण पटत नाही. 'सुपर ८'मध्ये पहिला तासभर तो प्राणी धड दिसतच नाही. पेट्रोलपंपावर फिरणारी पाटी आडवी येते, कुठे झाडं हलतात, कुठे नुसता आवाज. हे तर स्वस्तात होतं! लोणारचं सरोवर आपल्याजवळ आहे. उल्का आदळून बेसाल्टमध्ये झालेलं विवर, जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंद, काठावर जुनी देवळं, खाली खारट पाणी. तिथे चार पोरं सायकलींवर सोडा आणि कॅमेरा लावा. गोष्ट लिहिणारा हवा आणि पोरांना बावळट न समजणारा दिग्दर्शक हवा. आपल्याकडच्या बालचित्रपटांत पोरं एक तर गोड तरी बोलतात किंवा उपदेश तरी ऐकतात.

तर्री_मारके

लोणारची आयडिया जबरी आहे भाऊ. मी बिनपैशात काम करतो. एलियनचं नाही, चहा-तर्रीपोह्याचं खातं माझ्याकडे.

दोन_पोरांची_आई

मूळ प्रश्नावर परत येऊ या का? :)

वरचं सगळं वाचून मी काल रात्री हा सिनेमा पुन्हा पाहिला, नवऱ्यासोबत. शिव्या आणि दचके याबद्दल माझं म्हणणं आहे तसंच आहे. पण मोठ्या पोरांना हा दाखवायलाच हवा असंही आता वाटतं, आणि ते शेवटासाठी. (पुढे रहस्यभेद.) पाण्याच्या टाकीकडे सगळं लोखंड ओढलं जातं, जोच्या खिशातलं लॉकेटही ओढ घेतं, तो साखळी धरून ठेवतो आणि मग सोडतो. माझ्या मोठ्याने दीड वर्षापूर्वी त्याचे आजोबा गमावले. त्यांचं घड्याळ तो उशाशी घेऊन झोपतो. त्याच्याशी यावर कसं बोलायचं मला सुचत नव्हतं. सिनेमा पाहून झाल्यावर मी काही बोलणार नाहीये, त्याला बोलायचं असेल तर बोलेल.

तर अबोली, माझा सल्ला असा: दोन रात्री करा. पहिल्या रात्री सगळ्यांना 'द आयर्न जायंट', १९९९चा ॲनिमेशनपट. काळ १९५७चा, स्पुटनिकच्या दिवसांतला, एक मुलगा आणि आकाशातून पडलेला अजस्र लोखंडी यंत्रमानव. तोही रडवतो, पण घाबरवत नाही. दुसऱ्या रात्री धाकट्यांना खाली आजीजवळ गोष्टीला पाठवा आणि बाराच्या वरच्यांना 'सुपर ८'.

विज्ञानवेडी

उत्तम तोडगा. धाकट्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्यासाठी रमण विज्ञान केंद्राची फेरी ठेवा, तिथल्या तारांगणात अंधारही आहे आणि आकाशही. दुपारच्या उन्हातून सुटका ती वेगळीच.

तिसरी_घंटा

आणि अबोली, एक कळकळीची विनंती. नावं सुरू झाली की प्रोजेक्टर बंद करू नका. पोरांनी काढलेला तो झॉम्बीचा सिनेमा, 'द केस', श्रेयनामावलीसोबत अख्खा दाखवलाय. सुजलेले मेकअप, हलणारा कॅमेरा, मध्येच चुकलेला अभिनय, आणि तरी गोष्ट पुरी. अर्धे प्रेक्षक तेव्हा उठून जातात आणि सिनेमाचा गाभा हुकवतात. इतका वेळ ज्या कामासाठी ही पोरं जीव टाकत होती, ते काम शेवटी आपल्यासमोर येतं.

मी पुढे जाऊन सांगतो. दुसऱ्या दिवशी भाचरांना मोबाईल द्या आणि एक अट घाला: एकूण चित्रण तीन मिनिटं वीस सेकंदांचं. एकदा धरलेलं खोडायचं नाही, पुन्हा घ्यायचं नाही, आणि संध्याकाळपर्यंत कुणी बघायचं नाही. बघा कशी भांडतात, कशी आधी तालीम करतात. धाकट्यांनाही त्यात घ्या. नऊ वर्षांचं पोर झॉम्बी म्हणून सर्वात जास्त रंगतं. भीती वाटण्यापेक्षा भीती तयार करायला त्यांना फार आवडतं.

बारावी_झाली

हे भारी आहे. अबोली काकू, मी नागपुरातच आहे, सुट्टी चालू आहे. जखमांचा मेकअप येतो मला: मैदा, थोडं पाणी, व्हॅसलीन आणि खायचा लाल रंग. मैद्यात पाणी कमी घाला, नाहीतर उन्हाळ्यात ते गळतं. वाळल्यावर कडा कापसाने उचलून घ्यायच्या म्हणजे सोललेली कातडी वाटते.

तर्री_मारके

मैदा कायले, तर्री लाव ना. रंग, तेल सगळं तयार.

दोन_पोरांची_आई

डोळ्यात गेली तर कोण बघणार? मैदाच ठीक आहे.

अजनीची_अबोली

ठरलं! शुक्रवारी 'आयर्न जायंट', शनिवारी मोठ्यांना 'सुपर ८', नावं संपेपर्यंत. इंग्रजी उपशीर्षकं ठेवते आणि अडलं तिथे मी मध्ये थांबवून सांगेन. शिव्यांचं म्हणाल तर थोरलीला तिच्या आईने आधीच सगळं सांगून ठेवलंय. रविवारी पहाटेपासून शूटिंग, ऊन चढायच्या आत.

थोरलीला नुसती कल्पना सांगितली तर ती लगेच वही घेऊन बसली. तिची गोष्ट अशी: नागपुरात ४७ अंश झालंय, आणि रोज रात्री एकेका घरातला कूलर गायब होतोय. कोण नेतंय ते अजून तिने मला सांगितलेलं नाही. धाकट्याने विचारलं, कुत्री पण पळून जातात का? ती म्हणाली, नाही, कुत्री कूलर नेणाऱ्याच्या घरी जाऊन झोपतात. मला हे ओहायोच्या गोष्टीहून सरस वाटलं, खोटं कशाला बोलू.

एकच अडचण. तिला रेल्वेचं एक दृश्य हवंय. आमच्या घरापासून रूळ जवळ आहेत.

गार्डसाहेब

रुळांजवळ अजिबात नाही. पोरांना नेऊ नका, मोठ्या माणसासोबतही नको. इलेक्ट्रिक इंजिन फार आवाज न करता येतं, मागून आलं तर कळत नाही, आणि मोबाईलमध्ये डोळा असला की अंतराचा अंदाज येत नाही. हे मी नोकरीत पाहिलंय, जास्त लिहीत नाही.

मोतीबागला नॅरोगेज संग्रहालय आहे. जुनी वाफेची इंजिनं उभी आहेत, डबे आहेत, सिग्नलचे हात आहेत. आधी फोन करून वेळ आणि चित्रणाची परवानगी विचारा. तुमची तारीख ठरली की इथे सांगा, मी येतो. गार्डची हिरवी-लाल झेंडी आणि शिट्टी माझ्याकडे अजून आहे, आणि गाडी सोडण्याचा प्रसंग असेल तर तो नियमाप्रमाणेच करावा लागेल.

अजनीची_अबोली

काका, थोरली विचारतेय, तुम्ही एक संवाद म्हणाल का?

गार्डसाहेब

लिहून पाठवा. पाठ करून येतो.